पॉवरचे धातूचे बटण: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या संगणकाच्या सात वर्षे जुन्या कॅबिनेटचे पॉवर बटण दाबले असता आतच रुतून बसू लागले, तेव्हा दुरुस्ती केंद्रातील गृहस्थांनी नवे कॅबिनेट घेण्याचा सल्ला दिला. ज्या बटणाचे काम मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरील) दोन पिना क्षणभर जोडण्याएवढेच आहे, त्याच्यासाठी चार हजार रुपये घालवणे मला मान्य नव्हते. त्या पिनांवर रीसेट बटणाची वायर लावून मी तीन आठवडे काम भागवले आणि मग पुण्यातील पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून १६ मिलिमीटर व्यासाचे, कडेला निळा प्रकाश असलेले धातूचे बटण आणले.

दुकानदाराने प्रथम दिलेले बटण दाबले की आत अडकून राहणारे निघाले. ते दाबताच संगणक सुरू झाला आणि सुमारे चार सेकंदांत बंद पडला, कारण बटण तेवढा वेळ दाबलेले राहिले की मदरबोर्ड तो सक्तीने बंद करण्याचा आदेश समजतो. या कामाला दाबून सोडताच परत वर येणारे, म्हणजे मोमेंटरी बटणच लागते. ते बदलून मिळाले. पण दुसऱ्या बटणातील दिवा ५ ऐवजी १२ व्होल्टचा असल्याचे मला वायरी सोल्डर केल्यावर कळले, आणि सोल्डर केलेला माल परत घेणार नाही असे दुकानदाराने ठणकावून सांगितले. मदरबोर्डच्या पॉवर एलईडीच्या, म्हणजे संगणक सुरू असल्याचे दाखवणाऱ्या दिव्याच्या, पिनांवर तो इतका मंद लागे की दिवसा तो लागला आहे की नाही, हे हाताचा आडोसा करून पाहावे लागे. पहिल्या महिन्यात मी हे लिहिले असते तर या खरेदीला एकच तारा दिला असता.

आज मात्र तोच दोष मला या बटणाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. संगणक झोपण्याच्या खोलीत आहे आणि तो स्लीपमध्ये, म्हणजे बंद न करता विसावलेल्या अवस्थेत, असताना हा दिवा रात्रभर उघडझाप करतो. पूर्ण तेजाने तो लागत असता तर मला त्यावर चिकटपट्टी लावावी लागली असती. (मित्राच्या कॅबिनेटवर ती लावलेली आहे.) दिव्याच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर तो लागत नाही, बटणाच्या दोन वायरी मात्र कशाही जोडल्या तरी चालतात.

बटणाचा स्पर्श भरीव आहे आणि आठ महिन्यांत ते एकदाही अडकलेले नाही. तक्रार आहे ती नटाची. कॅबिनेटचे प्लास्टिक पातळ असल्याने तो दर दोन महिन्यांनी सैल होऊन बटण बोटाखाली फिरू लागते, आणि तो आवळण्यासाठी पुढचे संपूर्ण पॅनेल उतरवावे लागते. गेल्या रविवारी मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वॉशर कापून आत बसवला आहे.