वाईन ग्लास घ्यायचेत? दोनशेचा, सातशेचा की तीन हजाराचा

आमच्या धाकट्या बहिणीने पुण्यात नवीन घर घेतलं आणि सामान लागत नाही तोच तिचा फोन, दादा वाईन ग्लास घ्यायचेत, ऑनलाईन बघतेय तर सहाचा सेट बाराशेलाही आहे आणि दोनच ग्लास सहा हजारालाही आहेत, नेमका फरक काय आणि मी कुठले घेऊ. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि काऊंटरवरचा माणूस फक्त किंमत सांगतो. किमती सेलमधे खालीवर होतात, तेव्हा आकडे अंदाजाने धरा.

आधी ग्लास काम काय करतो ते बघू, म्हणजे पैसे कशाचे द्यायचे ते कळेल. वाईनची निम्म्याहून जास्त मजा वासात असते. ग्लासचं पोट रुंद असलं की वाईन फिरवता येते, तिला हवा लागते, आणि तोंड थोडं आत वळलेलं असलं की तो वास आतच राहतो. 2015 साली टोकियोतल्या संशोधकांनी एका खास कॅमेऱ्याने ग्लासमधून निघणारी अल्कोहोलची वाफ टिपली, त्यात 13 डिग्री सेल्सिअस तापमानाच्या वाईनवर वाईन ग्लासच्या काठाला वाफेचं कडं दिसलं आणि मधे वाफ कमी, म्हणजे नाक मधे धरलं की अल्कोहोलचा भपका न येता फळांचा वास येतो. सरळ ग्लासात किंवा मार्टिनीच्या पसरट ग्लासात तसं कडं झालं नाही, आणि वाईन गरम असताना वाईन ग्लासातही झालं नाही. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे जास्त महत्त्वाची आहे, पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र डोक्यातून काढून टाका, की अमुक आकाराचा ग्लास वाईन जिभेच्या अमुक भागावर टाकतो म्हणून चव बदलते. जिभेवर गोड इथे आणि आंबट तिथे असा जो नकाशा शाळेत शिकवायचे तो 1901 च्या एका जर्मन अभ्यासाचा चुकीचा अर्थ लावून तयार झाला होता, चव जिभेवर सगळीकडे कळते. दुकानात कोणी हे कारण सांगून महागडा ग्लास दाखवायला लागलं तर नुसती मान हलवा आणि काठ बघा.

आता दोनशेच्या आतला ग्लास. ही साधी सोडा-लाईम काच, म्हणजे आपल्या घरातले पाण्याचे ग्लास असतात तीच. थायलंडच्या ओशनचे ग्लास आपल्याकडे हॉटेलात, लग्नाच्या हॉलमधे सर्रास दिसतात, फिरोजाबादचा माल त्याहून स्वस्त मिळतो. काच मजबूत, पडला तरी हळहळ नाही, पण ही काच पातळ केली की टिकत नाही म्हणून ती जाडच ठेवतात आणि काठाला गोल कडा येते, बोट फिरवलं की लगेच लागते. त्या कडेवरून वाईन जाड धारेने तोंडात येते. ऐकायला फालतू वाटेल पण एकदा पातळ काठाने प्यायलात की मग हा काठ सारखा जाणवत राहतो. या किमतीतली दुसरी अडचण म्हणजे बरेच ग्लास फार लहान, 200-250 मिलीचे, दीडशे मिली ओतली की फिरवायला जागाच नाही. स्वस्तातलाच घ्यायचा असेल तर निदान 350 मिलीच्या वरचा आणि तोंड आत वळलेला बघून घ्या, मग तो खरंच वाईट नाही.

मी घरी नाशिकची चेनिन ब्लां ही व्हाईट आणि शिराझ ही एक रेड वाईन घेऊन चार भांड्यांत ओतून बघितली होती, स्टीलचा पेला, दोनशेचा ग्लास, सातशेचा आणि तीन हजाराचा. पेल्यातून दोन्हीचा वास जवळजवळ आलाच नाही. पेल्यातून दोनशेच्या ग्लासात आलो तो फरक सगळ्यात मोठा, त्यात चेनिनचा पेरूसारखा वास पहिल्यांदा नीट कळला. दोनशेवरून सातशेवर गेलो तेव्हा शिराझमधला मिरीसारखा तिखट वास वेगळा काढता आला, आणि काठामुळे घोट हलका वाटला. सातशेवरून तीन हजारावर गेल्यावर मात्र मी आणि बायकोने डोळे मिटून तीनतीनदा घेतलं आणि आमच्या दोघांच्या नाकाला वासात फरक सांगता आला नाही, हातात मात्र लगेच कळला, तो ग्लास इतका हलका होता.

म्हणून माझं मत मधल्या पायरीकडे आहे, साधारण पाचशे ते हजार रुपये एका ग्लासचे. इथे काच बदलते. ही शिसं नसलेली क्रिस्टल असते, मशीनवरच बनवलेली, पण पातळ असूनही चिवट. जर्मनीतल्या झ्वीझेल गावच्या शॉट झ्वीझेलची ट्रायटन काच यात सगळ्यात प्रसिद्ध, तिच्यात टायटॅनियम आणि झिर्कोनियमचे ऑक्साईड असतात. ओशनचाच लुकारिस हा ब्रँडही शिसं नसलेल्या क्रिस्टलचा. यांचा काठ कापून गुळगुळीत केलेला असतो, गोल कडा लागत नाही. टिचकी मारली की बारीक आवाज बराच वेळ घुमतो, साध्या काचेचा आवाज लगेच बसतो, दुकानात ओळखायची ही सोपी खूण.

लग्नात मिळालेले नक्षीचे जड क्रिस्टल ग्लास कपाटात असतील तर ते वेगळे, जुन्या लेड म्हणजे शिशाच्या क्रिस्टलमधे 24 टक्के किंवा जास्त लेड ऑक्साईड असतं, दिसतात देखणे पण काठ जाड असतो, आणि तसल्या डिकँटरमधे, म्हणजे वाईन ओतून ठेवायच्या सुरईत, वाईन दिवसेंदिवस ठेवून देऊ नका.

तीन हजार आणि वर म्हणजे बहुतेक तोंडाने फुंकून बनवलेले ग्लास, ऑस्ट्रियाचे झाल्टो, रीडलची वरची सिरीज वगैरे. कारागिरी अप्रतिम असते यात वाद नाही, दांडीवर साच्याची रेघ नाही, वजन कागदासारखं. 1973 मधे रीडलने द्राक्षाच्या जातीप्रमाणे वेगळ्या आकाराची सोमेलिए सिरीज आणली आणि तेव्हापासून प्रत्येक वाईनला वेगळा ग्लास ही कल्पना रुजली. पण 2018 मधे जॅन्सिस रॉबिन्सन या मोठ्या वाईन समीक्षक बाईंनीच डिझायनर रिचर्ड ब्रेंडन बरोबर सगळ्या वाईनसाठी एकच ग्लास काढला, मला तेच पटतं. घरात रेड, व्हाईट, रोझे सगळ्याला 400-450 मिलीचा एकच आकार पुरतो. स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची वाईनसुद्धा त्यात छान लागते, उलट फ्ल्यूट या उंच निमुळत्या ग्लासमधे बुडबुडे दिसतात पण वास कोंडतो.

माझ्याकडचा महागडा ग्लास एकच उरलाय. जोडीतला दुसरा माझ्याच हातून गेला, पुसताना एका हातात तळ आणि दुसऱ्या हातात पोट धरून फडका फिरवला आणि दांडी पिळून कट्कन तुटली, खूप वाईट वाटलं होतं. तेव्हा पुसताना कायम पोटच हातात धरा, तळ धरून पिळू नका, हे तिन्ही किमतींना लागू. घासायला तारेची घासणी नको, स्पंज आणि थोडं लिक्विड, आणि भरपूर पाण्याने धुवा कारण साबणाचा वास राहिला तर सातशेचा ग्लासही वाया. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे डाग पडतात, व्हिनेगर घातलेल्या पाण्याने निघतात. भांड्यांना मावशी येत असतील तर वाईन ग्लास सिंकमधे ठेवूच नका, बाजूला ठेवा आणि स्वतः धुवा, कढई आणि कुकरखाली ग्लास फुटला तर चूक त्यांची नाही.

बिनदांडीचे ग्लास हल्ली सगळीकडे दिसतात, पडत नाहीत आणि रॅकमधे बसतात हे खरं, पण आपल्याकडे मी ते सुचवणार नाही. मे महिन्यात घरात 34-35 डिग्री असतं, त्यात तळहाताची ऊब, आठ-दहा डिग्रीला ओतलेली चेनिन बघता बघता कोमट होते आणि वर सांगितलं तसं गरम वाईनमधे पहिल्यांदा अल्कोहोलच नाकात जातं. दांडी त्यासाठीच असते. रूम टेंपरेचरला रेड प्यायची हे युरोपातल्या थंड खोल्यांचं आहे, इथे रेडपण अर्धा तास फ्रीजमधे ठेवून काढा. हे फुकटचं काम केलंत तर दोनशेचा ग्लासही चांगला वागतो, आणि नाही केलंत तर तीन हजाराचा ग्लास काहीच करू शकत नाही.

किती घ्यायचे? 750 मिलीच्या बाटलीत दीडशेचे पाच ग्लास होतात, म्हणजे एक बाटली चौघांना पुरते, म्हणून रोजच्यासाठी मधल्या किमतीचे चार घ्या, आणि गच्चीवर दहा जण जमणार असतील तेव्हासाठी साधे सहा वेगळे. दुकानात घेणार असाल तर प्रत्येक ग्लास सपाट काचेवर ठेवून डगमगतो का बघा, काठावर हळूच बोट फिरवून टवका नाही ना बघा, बॉक्स उघडायला लाजू नका. आणि निघायच्या आधी घरी टेप लावून कपाटाचा कप्पा मोजा, कारण मोठे रेड वाईन ग्लास 23-24 सेंटीमीटर उंच असतात आणि ते उलटे ठेवू नयेत, काठावर भार येतो आणि कपाटाचा वास आत कोंडतो. बहिणीचा वरचा कप्पा 22 सेंटीमीटरचा निघाला, तिने 21 वाले चार घेतले.