पहिला भाग कोणता बघू: 'मॅनोस' की 'स्पेस म्युटिनी'?

मावसबहिणीचा प्रश्न: 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या अमेरिकी टीव्ही मालिकेतला एकच भाग बघायचा, तर कोणता? रद्दी सिनेमा लावायचा आणि खाली बसलेला माणूस व दोन यंत्रमानव त्याची टर उडवणार, एवढाच मामला. बहुतेक याद्यांत हे दोन भाग वरच असतात.

आधी सिनेमा. 'मॅनोस' (१९६६) टेक्सासमधल्या एका खतविक्रेत्याने काढला. कॅमेरा एका वेळी जेमतेम अर्धा मिनिट चाले, आवाज नंतर चिकटवले. सुरुवातीला गाडी नुसती जातेच आहे, जातेच आहे. खरं सांगायचं तर विनोद नसते तर मी दहाव्या मिनिटाला उठलो असतो.

'स्पेस म्युटिनी' (१९८८) निदान पळतो तरी. अंतराळयानाच्या आत विटांच्या भिंती, खिडकीतून ऊन! एक अधिकारी बाई मारली जाते आणि पुढच्याच प्रसंगात आपल्या जागेवर कामाला हजर. आमच्या ऑफिसात एवढी निष्ठा कुणाची नाही.

विनोदांत फरक आहे. १९९३च्या 'मॅनोस'च्या भागात खाली बसलेला माणूस म्हणजे जोएल; तो मवाळ, थकलेला. चिडून नव्हे, कीव येऊन बोलतो. १९९७च्या 'स्पेस म्युटिनी'च्या भागात त्याच्या जागी आलेला माइक यंत्रमानवांसह धिप्पाड नायकाला एकामागून एक नवी नावं ठेवत सुटतो, आणि ते संपतच नाही.

नवख्याने, चारचौघांत, वडापाव खात बघायचं असेल तर 'स्पेस म्युटिनी'. वीसेक भाग पचवलेल्याने, रात्री एकट्याने, 'मॅनोस'. बहिणीला मी 'स्पेस म्युटिनी'च पाठवला.