खो-खो शिकवताना: आधी कौशल्य की आधी खेळ?

पहिली वाट जुनी: शिट्टी, रांग, मग खो देण्याचा पुन्हा पुन्हा सराव. हालचाली पक्क्या होतात, ५० मुलांचा वर्गही आवरतो. खांबावर सूर मारणं मी असंच शिकवते. तिथे चूक म्हणजे दुखापत.

दुसरी वाट १९८२ साली इंग्लंडमधल्या बंकर आणि थॉर्प या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांनी मांडली: आधी खेळ, कौशल्य गरजेनुसार. आठांऐवजी चौघांनाच बसवा, खेळू द्या, मग थांबवून विचारा, ‘खो आत्ताच का दिलास?’ आक्रमकाला मागे वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. म्हणून योग्य क्षणी घेतलेला निर्णय हाच खरा खेळ, आणि तो रांगेत उभं राहून येत नाही. माझा कौल इकडेच.

तासानंतर वहीत एकच प्रश्न लिहिते: आज कोणाला पळायलाच मिळालं नाही? रांगेच्या दिवशी ती यादी लांबते.