दारात येऊन गॅसचे बिल मागणारा माणूस

जानेवारीचे गॅसचे बिल आले त्या आठवड्यात एका मैत्रिणीशी बोलताना सहज बिलांचा विषय निघाला. ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या उत्तरेकडील एकाच उपनगरात आम्ही दोघी राहतो. आमची घरे एकाच बिल्डरने एकाच वर्षी बांधलेली आहेत, फर्नेस, म्हणजे घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी, सारखीच आहे आणि दोन्ही घरांत माणसेही चारच आहेत. तरीही तिचे बिल माझ्या बिलापेक्षा जवळजवळ शंभर डॉलरने कमी होते. आम्ही एकमेकींना बिलांचे फोटो पाठवले आणि एकेक ओळ ताडून पाहिली. माझा वापर १६२ सीसीएफ होता, तिचा १५८. सीसीएफ म्हणजे शंभर घनफूट. वाहिन्या आणि मीटर यांचे शुल्क दोन्हीकडे सारखेच होते. फरक फक्त एका ओळीत होता: तिच्या गॅसचा दर सीसीएफमागे सुमारे ५० सेंट आणि माझ्या गॅसचा १ डॉलर ९ सेंट. त्या ओळीच्या वर पुरवठादार म्हणून ज्या कंपनीचे नाव छापलेले होते, तिच्याशी मी कधी एक शब्दही बोललेले नव्हते.

पुढच्या काही आठवड्यांत जे उलगडत गेले ते सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्याकडचे आई-वडील इथे येतात ते बहुधा उन्हाळ्यात, आणि दारोदार फिरून गॅसचे करार विकणारी माणसेही आमच्या वस्तीत उन्हाळ्यातच येतात. आपण कामावर असतो आणि दार उघडायला घरी आई-बाबा असतात.

आधी इथली व्यवस्था सांगायला हवी, कारण ती नीट माहीत नसल्यामुळेच आमची फसवणूक होऊ शकली. कोलंबस परिसरात जमिनीखालच्या वाहिन्या आणि घराबाहेरचा मीटर कोलंबिया गॅस ऑफ ओहायो या कंपनीचे आहेत. गॅसचा वास आला तर तिलाच फोन करायचा असतो आणि बिलही तीच पाठवते. त्या वाहिनीतून येणारा गॅस मात्र कोणाकडून विकत घ्यायचा हे ग्राहक ठरवू शकतो. या निवडीचा प्रयोग १९९७ साली टोलेडो भागात सुरू झाला आणि नंतर राज्यभर पसरला. ग्राहकाने कोणालाच निवडले नाही तर त्याला ‘स्टँडर्ड चॉइस ऑफर’ नावाचा दर लागतो. सगळे त्याला एससीओ म्हणतात. कोलंबिया गॅसच्या ग्राहकांसाठी तो २०१२ पासून आहे. नायमेक्स या न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात त्या महिन्याच्या गॅसचा जो अखेरचा भाव असतो, त्यात पुरवठादारांच्या लिलावातून वर्षभरासाठी ठरलेली एक रक्कम मिळवली की हा दर तयार होतो. तो दर महिन्याला बदलतो, पण त्याची मांडणी उघड आहे आणि कोणीही कागद-पेन्सिल घेऊन ती तपासू शकतो.

या व्यवस्थेत एक गोम आहे. एससीओवर असलेल्या ग्राहकालाही एक पुरवठादार नेमून दिलेला असतो आणि त्याचे नाव बिलावर छापलेले असते. म्हणजे आपण काहीही निवडलेले नसताना आपल्या बिलावर एका अनोळखी कंपनीचे नाव वर्षानुवर्षे दिसत राहते. मग एखाद्या महिन्यात ते बदलून तिथे दुसरे अनोळखी नाव आले, तर कोणाच्या लक्षात येणार? माझ्या तरी आले नाही. सहा महिने ते नाव माझ्या डोळ्यांसमोर होते.

मी बिलावर नाव असलेल्या पुरवठादार कंपनीला फोन केला तेव्हा सांगण्यात आले की करार जूनमध्ये, घरी आलेल्या प्रतिनिधीमार्फत झाला आहे. जूनमध्ये आई-बाबा आमच्याकडे होते. मी सांगलीला फोन लावला. बाबांना तो प्रसंग चांगला आठवत होता. “अगं, गॅस कंपनीचाच माणूस होता तो. गळ्यात ओळखपत्र होतं, हातात टॅब्लेट होता. मी पाणीसुद्धा दिलं त्याला.”

त्यांनी जे सांगितले त्यावरून मला तो प्रसंग असा उभा करता येतो. दुपारी तीनच्या सुमारास बेल वाजली. दारात तिशीचा एक अतिशय अदबशीर तरुण होता. आपण कोणत्या कंपनीचे, हे त्याने स्वच्छ सांगितले नाही. “तुमच्या गॅसच्या बिलाबद्दल आलो आहे,” एवढेच तो म्हणाला. या रस्त्यावरच्या बहुतेक घरांना कमी दर लागू झाला आहे, तुमच्या मुलीचे घर राहून गेले आहे, बिल दाखवलेत तर तिला तो दर मिळतो की नाही हे मला पाहता येईल, असे त्याने सांगितले. आपल्याकडे गॅस एजन्सीचा माणूस शेगडी आणि रबरी नळी तपासायला येतो तेव्हा आपण पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवतो, कारण गॅसचा माणूस म्हणजे एजन्सीचाच माणूस असतो, दुसरा कोणी असण्याचा संभव नसतो. बाबांनी तसेच केले. स्वयंपाकघरातल्या खणातून त्यांनी मे महिन्याचे बिल काढून दिले. मुलीचे चार पैसे वाचतील, एवढीच त्यांची भावना होती.

त्या माणसाला बिल कशासाठी हवे होते हे मला नंतर समजले. गॅस कंपनी पुरवठादारांना ग्राहकांची यादी देते आणि तिच्यात नावे, पत्ते आणि वापराचे आकडे असतात. खाते क्रमांक मात्र ग्राहकाच्या संमतीशिवाय देता येत नाही, आणि खाते क्रमांक मिळाल्याशिवाय पुरवठादार बदलता येत नाही. तो क्रमांक बिलावर छापलेला असतो. त्याने टॅब्लेटवर क्रमांक उतरवून घेतला आणि मग बाबांना फोन दिला. “आता ऑफिसमधून दोन-चार प्रश्न विचारतील, सगळ्यांना ‘येस’ म्हणा, म्हणजे दर लागू होईल,” असे तो म्हणाला.

हा पडताळणीचा फोन म्हणजे या साऱ्या व्यवहाराचा गाभा आहे. दारावर केलेल्या विक्रीत तिऱ्हाईत संस्थेकडून फोनवर पडताळणी करून घेणे ओहायोच्या नियमांनुसार सक्तीचे आहे आणि हे संभाषण ध्वनिमुद्रित होते. त्याच नियमांनुसार फोन चालू असताना विक्रेत्याने घराच्या आवारातून निघून गेलेले असावे लागते. आमच्या दारातला माणूस गेला नाही. तो पोर्चमध्ये बाबांच्या शेजारी उभा राहिला.

करारात काय होते ते मला कंपनीने ईमेलने पाठवले. पहिले तीन महिने दर ३९ सेंट होता; त्यानंतर ‘बाजारातील परिस्थितीनुसार बदलता दर’. तो कशावरून ठरणार, याबद्दल एक अक्षरही नव्हते. एससीओही बदलता असतो, पण त्याला नायमेक्सचा आधार असतो. या दराला कंपनीच्या मर्जीखेरीज कोणताच आधार नव्हता.

त्या तीन महिन्यांकडे जरा थांबून पाहावे. करार जूनमध्ये झाला आणि तो प्रत्यक्ष लागू झाला ऑगस्टच्या बिलापासून. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर या तीन महिन्यांत आमच्या घरी गॅस फक्त पाणी तापवायला आणि स्वयंपाकाला लागतो. आमचा वापर अनुक्रमे १४, १३ आणि २२ सीसीएफ होता, म्हणजे एकूण ४९. एससीओ मोजणीपुरता ५० सेंट धरला, तर सवलतीच्या तीन महिन्यांत आमचे ५ डॉलर ३९ सेंट वाचले. नोव्हेंबरमध्ये फर्नेस सुरू झाली आणि त्याच महिन्यात दर ८९ सेंटवर गेला. डिसेंबरमध्ये तो ९९ सेंट झाला आणि जानेवारीत १ डॉलर ९ सेंट. या तीन महिन्यांचा वापर ८५, १३० आणि १६२ सीसीएफ होता. करार रद्द करूनही फेब्रुवारीचे बिल जुन्याच दराने आले, कारण बदल पुढच्या मीटर-वाचनापासून लागू होतो. त्यात आणखी १४८ सीसीएफ गेले. चार महिन्यांत आम्ही सुमारे २८० डॉलर जादा भरले. दर कमी ठेवला होता तो गॅस जळत नव्हता तेव्हा, हे मी हिशेब मांडल्यावर माझ्या ध्यानात आले, आणि त्या क्षणी मला पैशांपेक्षा त्या मांडणीमागच्या विचाराचा अधिक संताप आला.

सुटण्याची एक संधी आम्हाला मिळाली होती. पुरवठादार बदलण्याची सूचना आली की कोलंबिया गॅस ग्राहकाला पत्र पाठवते आणि त्यावरच्या टपाल-शिक्क्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत तो बदल विनाशुल्क रद्द करता येतो. ते पत्र आमच्याकडे आले होते. नेहमीच्या लिफाफ्यात होते म्हणून मी ते न उघडता बिलांच्या गठ्ठ्यात ठेवले होते. फेब्रुवारीत ते सापडले तेव्हा चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

कंपनीने तक्रार झटकून टाकली. ग्राहकाने स्वतः संमती दिलेली असून ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, असे उत्तर आले. मग मी राज्याच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनकडे, म्हणजे गॅस-विजेसारख्या सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाकडे, तक्रार नोंदवली. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्क नाही. ऑनलाइन अर्ज भरता येतो. खाते माझ्या नावावर आहे, बाबा पाहुणे म्हणून आलेले होते आणि त्यांना या खात्याबाबत कोणताही अधिकार नव्हता, हे मी कागदपत्रांसह कळवले आणि ध्वनिमुद्रणाची मागणी केली.

ते चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण मी ऐकले. प्रश्न विचारणारी बाई भराभर बोलते आहे. बाबा दोनदा “प्लीज रिपीट” म्हणतात. खातेदाराचे नाव विचारल्यावर ते बिलावरचे माझे नाव, माझ्या सासरच्या आडनावासह, सावकाश वाचून दाखवतात. मग प्रश्न येतो: या खात्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार तुम्हाला आहे का? इथे बाबा थांबतात. त्या शांततेत मागून, अगदी हलक्या आवाजात, दुसरे कोणीतरी म्हणते, “से येस, सर.” आणि बाबा “येस” म्हणतात.

त्या तीन शब्दांमुळे आमचे प्रकरण उभे राहिले. विक्रेता फोनच्या वेळी तिथेच होता, याचा पुरावा कंपनीच्याच ध्वनिमुद्रणात सापडला. तक्रारीनंतर चौथ्या आठवड्यात कंपनीने चारही महिन्यांच्या दरातला फरक परत केला, सोबत ‘ग्राहकाच्या समाधानासाठी’ असा शेरा होता आणि चूक मान्य केल्याचा एकही शब्द नव्हता. तो माणूस त्या क्षणी गप्प राहिला असता, तर तेच ध्वनिमुद्रण आमच्याविरुद्ध गेले असते, याबद्दल मला शंका नाही.

बाबांनी मात्र मधल्या काळात ही गोष्ट मनाला फार लावून घेतली. २८० डॉलरचे रुपये करून ती रक्कम माझ्या सांगलीच्या खात्यात भरण्याचा त्यांनी दोनदा आग्रह धरला. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचे एक पैसा देणे ठेवले नाही, त्याला मुलीच्या घरी आपल्यामुळे नुकसान झाले असे वाटावे, याची भरपाई कोणत्याही कंपनीच्या हिशेबात बसत नाही.

मी सगळ्याच पुरवठादारांना लबाड म्हणणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हेन्री हबवरचा, म्हणजे अमेरिकेत गॅसच्या घाऊक भावासाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या केंद्रावरचा, भाव दहा लाख बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचे एकक) ९ डॉलरच्या वर गेला होता. त्याआधी ज्यांनी कमी भावात वर्षा-दोन वर्षांचा स्थिर दर बांधून घेतला होता, त्यांचा तो हिवाळा निभावून गेला. निवड करायचीच असेल तर कमिशनच्या ‘ॲपल्स टू ॲपल्स’ तक्त्यात सगळ्या पुरवठादारांचे दर, मुदत, मासिक शुल्क आणि करार मोडल्यास भरावा लागणारा दंड शेजारीशेजारी दिलेले असतात. तो तक्ता आपण घरी, आपल्या सवडीने पाहावा. दर स्थिर आहे की बदलता, मुदत संपल्यावर तो आपोआप कशात रूपांतरित होतो आणि मुदतीची अखेर हिवाळ्यात येते का, एवढे तरी पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. कधीकधी गावाच्या किंवा टाउनशिपच्या वतीने सामूहिक खरेदीचे पत्र येते. ती फसवणूक नसते, पण त्यातून बाहेर पडायला किमान २१ दिवस मिळतात आणि गप्प बसणे म्हणजे होकार धरला जातो, म्हणून तेही पत्र उघडून त्यातला दर एससीओशी ताडून पाहावा.

दारात आलेल्या माणसाला बिल दाखवू नये. वाहिन्यांच्या कंपनीकडे आपला खाते क्रमांक आधीपासूनच असतो, त्यामुळे जो माणूस हा क्रमांक मागतो तो त्या कंपनीचा नसतो. घरी येणाऱ्या आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना हे विमानतळावरून घरी येतानाच सांगावे. “मी पाहुणा आहे, घरमालक संध्याकाळी भेटतील” हे एक इंग्रजी वाक्य त्यांच्यासाठी दाराजवळ लिहून ठेवायलाही हरकत नाही. पुरवठादारांना दिल्या जाणाऱ्या यादीतून आपले नाव वगळण्याची विनंती गॅस कंपनीला करता येते. मी ती फोनवरून केली आणि दहा मिनिटांत काम झाले.

मार्चमध्ये महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात मी चार कुटुंबांना त्यांच्या बिलांवरची ती ओळ पाहायला सांगितली. तिघे एससीओवर होते. चौथ्या घरी दर ९४ सेंट निघाला आणि मागची बिले काढली तेव्हा तो चढा दर दोन हिवाळे लागत असल्याचे दिसले. करार कोणी केला, हे त्या घरात कोणालाच आठवत नव्हते. त्यांनी सोमवारी सकाळी फोन करून तो रद्द केला आणि आता ते ध्वनिमुद्रणाची वाट पाहत आहेत.