लिंकनचा जाहीरनामा की १३वी घटनादुरुस्ती: गुलामी नेमकी कशाने संपली?

राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याने अमेरिकेतली गुलामी संपली, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

१ जानेवारी १८६३चा जाहीरनामा हा सरसेनापती या नात्याने काढलेला यादवी युद्धातला हुकूम होता. तो फक्त संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या बंडखोर प्रदेशांना लागू होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर संघराज्यासोबत होती, म्हणून तिथले गुलाम वगळले गेले. फौज पोहोचेल तिथेच अंमल. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनमध्ये मुक्तीचा आदेश जाहीर व्हायला १९ जून १८६५ उजाडला. पण याच जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारं उघडली, आणि माझ्या मते त्याचं खरं मोल तिथेच आहे. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० जण लष्करात लढले.

गुलामीवर बंदी घालणारी १३वी घटनादुरुस्ती मात्र देशभर आणि कायमची. जून १८६४मध्ये प्रतिनिधीगृहात ती दोन तृतीयांश मतांअभावी अडली; ३१ जानेवारी १८६५ला ११९ विरुद्ध ५६ मतांनी निघाली. ६ डिसेंबरला ३६पैकी २७ राज्यांची मान्यता पूर्ण झाली, तेव्हा कुठे केंटकी-डेलावेअरमधले गुलाम सुटले.

घात झाला तो घटनादुरुस्तीतल्या एका अपवादाने: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालेल. मुक्त झालेल्यांना पुन्हा राबवणाऱ्या कायद्यांना ही पळवाट आयतीच मिळाली. मिसिसिपीच्या १८६५च्या कायद्यात बेकार कृष्णवर्णीयाला ‘भटक्या’ ठरवून ५० डॉलरपर्यंत दंड होता. पाच दिवसांत भरला नाही, तर शेरीफ (स्थानिक पोलीस अधिकारी) त्याला दंड भरणाऱ्याकडे मजुरीला द्यायचा, आणि तो आधीच कुणाकडे कामाला असेल, तर पहिला मान त्या काम देणाऱ्याचा.