धरून राहणारा ब्रेक आणि उद्यमनगरातले एक गॅरेज

माझ्या १९९९ सालच्या मारुती झेनचे पुढचे डावे चाक गेल्या पावसाळ्यापासून ब्रेक धरून ठेवत होते, म्हणजे पेडल सोडल्यावरही ब्रेक सुटत नव्हता. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाट उतरू लागलो की स्टिअरिंग डावीकडे ओढायचे, आणि घाटाखालच्या साखरप्याला पोहोचेपर्यंत करपलेल्या पॅडचा (चाकाच्या डिस्कवर दाबून ब्रेक लावणाऱ्या पट्टीचा) वास गाडीत भरायचा. खाली उतरून पाहिले तर उजवे चाक कोमट असायचे आणि डाव्या रिमजवळ नुसता हात नेला तरी धग लागायची. एकदा चहाच्या टपरीवरचा एक भला माणूस त्यावर बाटलीभर पाणी ओतायला निघाला होता. मी त्याला थांबवले, कारण तापलेल्या बिडाच्या डिस्कवर गार पाणी पडले की ती वाकण्याची किंवा तडकण्याची भीती असते. अर्ध्या तासाने चाक आपोआप मोकळे व्हायचे आणि पुढचा रस्ता सुरळीत पार पडायचा.

या दुखण्यावर मी एका वर्कशॉपमध्ये दोनदा खर्च केला होता. पहिल्यांदा पॅड बदलले गेले. दुसऱ्यांदा कॅलिपर, म्हणजे आतल्या पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग, बाहेरून साफ करून, ब्रेक ऑइलची टाकी वरून भरून गाडी परत मिळाली. दोन्ही वेळा गाडी रात्रभर तिथे उभी होती आणि सकाळी थंड चाक उचलून हाताने फिरवून पाहिले गेले. ते अर्थातच मोकळे फिरले. माझे सांगणे कोणी खोटे ठरवले नाही, पण ते पडताळून पाहण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत, आणि ब्रेकच्या बाबतीत ही गोष्ट मला फार लागली.

शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या छोट्या गॅरेजविषयी मी लिहितो आहे, तिथला फरक पहिल्या पाच मिनिटांत दिसला. मिस्त्रींनी सगळी हकीकत ऐकून घेतली, ओढ कोणत्या बाजूला आहे, पेडल खाली जाते की कडक राहते, हँडब्रेक सोडल्यावर गाडी उतारावर आपोआप सुटते का, असे नेमके प्रश्न विचारले आणि म्हणाले, “साहेब, थंड गाडीत हे दुखणं दिसायचं न्हाई. आधी तापवून आणू, मग चाक उचलू.” मला शेजारी बसवून त्यांनी गाडी शाहू नाक्याच्या बाजूला नेली, वाटेत वारंवार ब्रेक दाबले, आणि परत आल्याबरोबर पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली स्टँड लावले. डावे चाक दोन्ही हातांनी जोर लावूनही जेमतेम पाव फेरा फिरत होते. उजवे मोकळे होते; दोन्ही धरून राहिली असती तर आधी मास्टर सिलिंडरकडे (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाकडे) आणि पेडलच्या रॉडला पुरेशी ढिलाई आहे की नाही याकडे पाहावे लागले असते, असे त्यांनी सांगितले.

पुढची तपासणी मी जवळ उभे राहून पाहिली आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. त्यांनी कॅलिपरच्या निपलला (ऑइल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडले आणि निपल अर्धा आटा सैल केले. नळीतून काळपट ऑइलची एक चिळकांडी आली आणि त्याच क्षणी चाक सुटले. याचा अर्थ पिस्टन गंजून अडकलेला नव्हता. कॅलिपरमध्ये दाब कोंडून राहत होता. तो कुठे कोंडतो हे ठरवण्यासाठी निपल घट्ट करून पेडल पुन्हा काही वेळा दाबले, चाक पुन्हा धरले, आणि या वेळी त्यांनी लोखंडी पाइप जिथे कॅलिपरकडे जाणाऱ्या रबरी होजला (लवचिक नळीला) मिळतो तो वरचा जोड सैल केला. चाक जागचे हलले नाही. जोडाच्या वरचा दाब निघून गेला, तरी खालचा तसाच राहिला, म्हणजे अडथळा मधल्या होजमध्येच होता. एका पान्यावर झालेले हे निदान होते आणि तोपर्यंत एकही भाग बदललेला नव्हता.

काढलेला होज त्यांनी कटरने उभा चिरून माझ्या हातात दिला. बाहेरून तो धडधाकट दिसत होता, एकही चीर नव्हती. पण आतले रबर फुगून पोकळी इतकी आवळली होती की त्यातून सुईच जाऊ शकली असती. पेडल दाबताना मास्टर सिलिंडरचा जोर एवढा असतो की ऑइल अशा फटीतूनही पुढे सरकते. परत येताना मात्र त्याला ढकलायला पिस्टनभोवतीचे चौकोनी काटाचे रबरी सील एवढेच असते. ब्रेक लावताना ते किंचित वाकते आणि पेडल सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाने मागे ओढते. त्या हलक्या जोराने आवळलेल्या पोकळीतून ऑइल परत यायला बराच वेळ लागतो, आणि साखरप्याच्या त्या अर्ध्या तासाचा उलगडा मला तेव्हा झाला.

काम इथे संपवले असते तरी माझी तक्रार नसती. पण मिस्त्रींनी पॅड काढून शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त झिजलेला दिसला. एका पिस्टनचा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांवर तो सरकला नाही की असे होते. खालची पिन खरोखरच कोरडी पडली होती आणि तिचे रबर फुगले होते, बहुधा आधीच्या वेळी साधे ग्रीस लावल्यामुळे. ब्रेकच्या रबराला साधे ग्रीस, इंजिन ऑइल, पेट्रोल किंवा डिझेल लागले की ते फुगते. इथे पिना आणि पिस्टन स्पिरिटने पुसून, सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून आणि पिनांना सिलिकॉन ग्रीस लावूनच बसवले गेले. उजव्या बाजूचा होजही त्याच वयाचा असल्याने तोही बदलावा असे त्यांनी सुचवले आणि मला ते पटले.

जुने ऑइल पूर्ण काढून डॉट ३ या प्रतीचे नवे ब्रेक ऑइल भरले गेले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ च्या मानकानुसार नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओल शोषलेल्याचा किमान १४० अंश पुरतो. घाटात सतत तापणाऱ्या ब्रेकसाठी हा फरक मोठा आहे, आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला हवे हे मी सहा वर्षे पाळले नव्हते.

बिल असे झाले: दोन होज ९०० रुपये, दोन सील किट ५००, ब्रेक ऑइल २५० आणि मजुरी १,२००, म्हणजे एकूण २,८५० रुपये. आधीच्या दोन फेऱ्यांत यापेक्षा जास्त गेले होते. काढलेले सगळे भाग मला न मागता पिशवीत घालून दिले गेले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. झेनचे उत्पादन २००६ मध्ये थांबलेले असल्याने चांगल्या प्रतीचा होज मिळवायला एक दिवस गेला. हाताशी असलेला हलका होज बसवायला मिस्त्री तयार नव्हते आणि मला ते योग्यच वाटले, पण गाडीशिवाय दोन दिवस काढावे लागतील हे आधी सांगायला हवे होते. दिवसा फोन उचलला जात नाही, बसायला जागा नाही, आणि भागवार बिल मागितल्यावरच लिहून मिळाले. हँडब्रेकची केबल मी आठवण केल्यावर पाहिली गेली. ती ओढलेलीच राहत होती, म्हणून सैल केली.

त्यानंतर दोन महिन्यांत गाडी सुमारे १,४०० किलोमीटर चालली आणि आंबा घाट तीनदा उतरून झाला. प्रत्येक वेळी साखरप्याला थांबून मी दोन्ही रिमजवळ हात नेऊन पाहतो. दोन्ही सारखीच कोमट लागतात आणि स्टिअरिंग सरळ राहते. मागचे ड्रम उघडून लायनर आणि व्हील सिलिंडर पाहायचे काम राहिले आहे, आणि पावसाळ्याच्या आधी त्यासाठी गाडी याच मिस्त्रींकडे न्यायचे मी ठरवले आहे.