रामबागेतलं घर: विकावं की भाड्यानं द्यावं?

इंदूरच्या रामबागेतलं आत्याचं घर ध्यानीमनी नसताना मृत्युपत्रानं नावावर आलं, की दलाल लगेच दारात. घाई कसलीच नाही; भारतात १९८५ पासून वारसाकर नाही. आधी महापालिकेत नामांतरण उरका, नाहीतर दोन्हीकडे अडतं.

विकलं तर रक्कम एकदम हाती, पण नफ्यावर कर. हा नफा आत्यानं दिलेल्या किमतीवरून मोजतात. तिनं घर १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलं असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते, सरकारी दराच्या मर्यादेत. म्हणून जुनं खरेदीखत शोधाच. ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिकांखाली असतं ते बहुधा. सहा महिन्यांत ठरावीक बाँडमध्ये ५० लाखांपर्यंत गुंतवून कर वाचवता येतो, मात्र पैसा पाच वर्षं अडकतो.

भाड्याचं गणित सोपं. भरलेला मालमत्ता कर वजा करा, उरलेल्यातले ३० टक्के करमुक्त, पावत्याही लागत नाहीत. पण गळकं छप्पर तुमचंच.

पैशांची निकड नसेल तर मी पहिलं वर्ष अकरा महिन्यांच्या करारावर भाडेकरू ठेवीन. विकलेलं घर परत मिळत नाही, भाडेकरू बदलता येतो. भावंडांचा हिस्सा असेल तर मात्र विकून वाटणी करणंच बरं.